झाकणावरची लेक : नॉर्वेजियन क्लबातल्या एका पेटीच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, १८ जानेवारी २०२५

पेटी आज दुपारी आली. बाहेर तापमान शून्याच्या बरंच खाली होतं, म्हणून चर्चच्या तळघरात उतरवल्यावर रजई सोडलीच नाही. गारठलेलं लाकूड उबेत एकदम उघडं केलं की त्यावर दव धरतं आणि जुना रंग पापुद्र्यासारखा सुटतो. उद्या दुपारपर्यंत ती तशीच झाकलेली राहील. बघायची घाई सगळ्यांना होती, मलाही, तरी थांबलो.

काम काय आहे ते एकदा लिहून ठेवते. ४ जुलै १८२५ रोजी नॉर्वेच्या स्टावांगर बंदरातून ‘रेस्टाउरेशन’ नावाचं एक लहान गलबत ५२ माणसं घेऊन निघालं. ९ ऑक्टोबरला ते न्यूयॉर्कला लागलं तेव्हा माणसं ५३ होती. वाटेत एक मुलगी जन्मली होती. नॉर्वेहून गटानं अमेरिकेत आलेली ही पहिली मंडळी. पुढच्या शंभर वर्षांत त्यांच्या मागून आठ लाखांवर माणसं आली. अमेरिकेत ९ ऑक्टोबर हा लीफ एरिकसन दिन असतो, आणि ती तारीख या गलबतावरूनच घेतलेली आहे. यंदा त्याला २०० वर्षं होतात. त्या आठवड्यात क्लबानं एक छोटं प्रदर्शन करायचं आणि त्याच्या मध्यभागी नॉर्वेहून अमेरिकेला आलेली ही जुनी पेटी ठेवायची, असं ठरलं आहे.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, सासर पुण्यातलं, संसार मिनेसोटात रॉचेस्टरला. क्लबात आले ती हार्डांगर भरतकाम शिकायला. पांढऱ्या कापडावर पांढऱ्याच दोऱ्याचं काम, चार धाग्यांवर पाच टाके घालून एकेक ठोकळा बांधायचा आणि मग मधले धागे कात्रीनं कापून जाळी काढायची. कापताना एक धागा चुकला तर सगळी जाळी सुटते. तिथं टिकले म्हणून नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे आलं असावं. दप्तरासाठी इंग्रजी गोषवारा वेगळा देते. या नोंदी मराठीत, कारण हात कामात असताना मनात जे येतं ते मराठीतच येतं.

रविवार, १९ जानेवारी

उघडली. पाइनचं लाकूड, घुमटासारखं गोल झाकण, कोपऱ्यांना आणि कडांना लोखंडी पट्ट्या, पुढे मोठं कुलूप. किल्ली नाही. आत डाव्या हाताला झाकणाचा अरुंद कप्पा आहे, त्याला नॉर्वेजियनमध्ये लेद्दिक म्हणतात. भजनांचं पुस्तक, कागदपत्रं, सुईदोरा असल्या हाताशी लागणाऱ्या वस्तू त्यात ठेवत. माझ्या आजीच्या फडताळात असाच एक चोरकप्पा होता, त्यात ती जमिनीचे कागद ठेवायची.

झाकणाबाहेर निळसर हिरव्या रंगावर लाल आणि पिवळ्या वेलांचं रंगकाम. बरंच झिजलं आहे. अक्षरं आहेत पण वाचता येत नाहीत; शेवटी १८३८ हा आकडा मात्र ठळक आहे. दर्शनी बाजूला काळ्या ठोकळेबाज अक्षरांत ‘नॉर्द अमेरिका’.

ज्यांनी पेटी दिली त्या बाई ७८ वर्षांच्या आहेत. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले ते असं, की खापरपणजी १८३८ मध्ये ही पेटी घेऊन आली आणि झाकणावरचं नाव तिचं.

रविवार, २ फेब्रुवारी

आज वाद झाला. दोन जुन्या सदस्यांचं म्हणणं, रंग उडालेली पेटी प्रदर्शनात उदास दिसेल. आपल्याकडे रंगकाम येणारी माणसं आहेत, तर पुन्हा रंगवू. आपल्या आजोबांनी अशीच एक पेटी रंगवून घेतली होती, ती आजही दिवाणखान्यात झळकते, असं त्यातले एक गृहस्थ म्हणाले. त्यांचं प्रेम खरं आहे आणि ते मला दिसत होतं.

तरी मी विरोध केला. त्या वेलांवर ज्यानं कुंचला फिरवला त्याचा हात आज फक्त याच पेटीवर उरला आहे. वरून नवा रंग दिला की तो गेला, कायमचा. शिवाय त्या काळच्या रंगांत शिसं असू शकतं. घासायला घेतलं तर ती धूळ आपल्या आणि मुलांच्या नाकात जाणार. तास दीड तास बोलणं झालं. शेवटी अध्यक्षबाईंनी तोडगा काढला. जुन्या पेटीला हात लावायचा नाही. तिच्याच मापाची नवी पेटी क्लबातल्या सुतारांनी करायची आणि रंगकाम येणाऱ्यांनी ती रंगवायची. दोन्ही शेजारी ठेवायच्या.

मला हे फार पटलं. जपायचं म्हणजे वस्तू जपायची, आणि ती करायची हातोटीही जपायची. ही दोन कामं वेगळी आहेत, आणि एकाच्या नावाखाली दुसऱ्याचा बळी द्यावा लागू नये.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मोजमाप आणि छायाचित्रं. नायट्राइलचे हातमोजे, मऊ कुंचल्यानं धूळ, ओलं फडकं अजिबात नाही. लांबी १२१ सेंटिमीटर, रुंदी ५८, झाकणासकट उंची ६२. सुती दोऱ्यानं कागदी चिठ्ठी बांधली, क्रमांक पेन्सिलीनं लिहिला. शाई पसरते.

मग दिवे घालवले. एक विजेरी झाकणाच्या अगदी कडेला, जवळजवळ आडवी धरली. वरून उजेड पडतो तेव्हा रंग दिसतो. कडेनं पडला की उंचवटे दिसतात. रंग गेला तरी कुंचल्याच्या दाबाची कड लाकडावर राहते. पहिल्या तीन प्रयत्नांत काहीच नाही. चौथ्यांदा विजेरी उजवीकडून धरली आणि अक्षरं वर आली. आधी ‘अन्नो’, म्हणजे साल, मग आकडा. त्याच्या डावीकडे रोमन लिपीतली सात अक्षरं अखंड : ‘-स्दात्तर’.

दात्तर म्हणजे लेक. अमक्याची लेक. अमका कोण ते अर्धवट, तिचं स्वतःचं नाव त्याहून पुसट.

आणखी एक गोष्ट दिसली ती लिहून ठेवते, पुढे उपयोगी पडेल. झाकणावरची अक्षरं वळणदार, वेलांच्याच कुंचल्यानं काढलेली. पुढची ‘नॉर्द अमेरिका’ ही वेगळ्या हाताची, घाईची, आणि ती खालच्या रंगाच्या भेगांवरून गेलेली आहेत. भेगा पडायला वर्षं लागतात. म्हणजे पेटी रंगवली तेव्हा अमेरिकेचं नाव तिच्यावर नव्हतं.

शनिवार, १ मार्च

तीन आठवडे संध्याकाळी नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं डिजिटल दप्तर चाळते आहे. चर्चच्या जुन्या वह्या पानापानाची छायाचित्रं काढून तिथं ठेवल्या आहेत, कुणालाही फुकट बघता येतात. बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू, आणि गाव सोडून गेलेल्यांच्या वेगळ्या याद्या. अक्षर जुनं गॉथिक वळणाचं. ‘ई’ आणि ‘एन’ यांतला फरक ओळखायला मला आठ दिवस लागले. मोडी वाचायला शिकलेल्या एका मावशींनी पूर्वी सांगितलं होतं, एकेक अक्षर सोडवत बसू नकोस, त्या कारकुनाचे नेहमीचे शब्द आधी पाठ कर. तीच युक्ती इथं चालली.

नावांची रीत समजली तेव्हा मी खुर्चीतच सावरून बसले. त्या काळच्या नॉर्वेच्या खेड्यातलं नाव तीन भागांचं : स्वतःचं, मग वडिलांचं, मग ज्या शेतवाडीवर राहतो तिचं. ओले नावाच्या माणसाचा मुलगा ओल्सेन, मुलगी ओल्सदात्तर. शेवटी वाडीचं नाव. हे आडनाव नव्हे, पत्ता. माणूस दुसऱ्या वाडीवर राहायला गेला की शेवटचा शब्द बदले. कायम आडनाव घ्यायची सक्ती तिथं १९२३ च्या कायद्यानं झाली.

आपलं नाव, वडिलांचं नाव, आणि गावावरून ‘-कर’. मला हे कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. अमेरिकेत मात्र या तीन भागांचं काय झालं ते इथल्या प्रत्येक घरात वेगळं ऐकायला मिळतं. कुणी ‘-सेन’ घेतलं, कुणी वाडीचं नाव घेतलं, आणि सख्खे भाऊ दोन आडनावांचे झाले.

एक फरक मात्र आहे, आणि तो मला दिवसभर सोडत नाही. तिथली मुलगी लग्नानंतरही वडिलांचंच नाव लावी. मरेपर्यंत दात्तर.

रविवार, ९ मार्च

सापडलं. घरच्यांच्या इच्छेप्रमाणे इथं नावं लिहीत नाही.

पेटी देणाऱ्या बाईंकडे खापरपणजीचं बायबल आहे, त्यात नॉर्वेच्या टेलेमार्क भागातल्या तिच्या पॅरिशचं, म्हणजे चर्चच्या हद्दीचं, नाव आहे. त्या पॅरिशच्या वहीत तिचा बाप्तिस्मा मिळाला, १८३९ सालचा. म्हणजे १८३८ मध्ये ती जन्मलेलीसुद्धा नव्हती. गाव सोडणाऱ्यांच्या यादीत ती १८६१ मध्ये आहे, वय २२, एकटी, जाण्याचं ठिकाण अमेरिका.

मग झाकणावरची दात्तर कोण? बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं पूर्ण नाव दिलेलं असतं, तिच्या वडिलांच्या नावासकट. विजेरीच्या उजेडात काढलेलं छायाचित्र शेजारी ठेवून बघितलं. अर्धवट अक्षरं तिथं पुरी होतात. लग्नांच्या वहीतही ती आहे, १८३८ मध्ये.

पेटी आईची होती. लग्नाची. तेवीस वर्षांनी लेक समुद्रापार निघाली तेव्हा आईनं स्वतःची, स्वतःच्या नावाची पेटी तिला दिली, आणि कुणीतरी घाईनं पुढे काळ्या अक्षरांत ठिकाण लिहिलं. आई १८६५ च्या जनगणनेत त्याच वाडीवर आहे. ती कधीच आली नाही.

बाईंना फोन केला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘मग इतकी वर्षं आम्ही तिच्या आईचंच नाव घेत होतो म्हणायचं.’

शनिवार, २९ मार्च

सहाजण डेकोराला जाऊन आलो. आयोवा राज्य, पण इथून गाडीनं फार लांब नाही. तिथलं वेस्टरहाइम संग्रहालय १८७७ मध्ये लूथर कॉलेजात सुरू झालेल्या संग्रहातून वाढलं. वेस्टरहाइम म्हणजे पश्चिमेचं घर. स्थलांतरित मंडळी नॉर्वेला पत्र लिहिताना अमेरिकेला तसं म्हणत. पेट्या एका ओळीत बघितल्या तेव्हा प्रांतांची वळणं डोळ्यांना वेगळी कळू लागली. टेलेमार्कचा वेल एका मुळापासून निघतो आणि मोकळा, असमान वाढत जातो. हालिंगदालचं काम समतोल, दोन्ही बाजू सारख्या, रंग भडक. रोगालांदचंही समतोल, पण फुलांनी भरलेलं आणि बहुधा गडद जमिनीवर. आपली पेटी नक्की टेलेमार्कची, वहीनं सांगितलं तेच रंगही सांगतात.

परतताना गाडीत पेर लिस्ने यांचा विषय निघाला. लिस्ने सोग्न भागातले, १८८० चा जन्म. विस्कॉन्सिनमधल्या स्टोटनला घोडागाड्यांच्या कारखान्यात गाड्यांवर पट्टे आणि नक्षी रंगवत. मोटारी आल्या, गाड्यांचं काम आटलं, तेव्हा ते बशा, ताटं आणि पेट्यांवर रोसेमालिंग, म्हणजे हे वेलाफुलांचं रंगकाम, करू लागले, आणि अमेरिकेत मागे पडलेली ही कला त्यांच्या हातून पुन्हा उभी राहिली. संग्रहालयातर्फे १९६७ पासून स्पर्धा होते आणि नॉर्वेहून शिक्षक येऊन वर्गही घेतले गेले. आमच्या क्लबात शिकवणाऱ्या आजी अशाच एका वर्गात शिकल्या.

शनिवार, १२ एप्रिल ते शनिवार, १० मे

रंगकामाचा सराव, पाच शनिवार. एकत्रच लिहिते, कारण पहिल्या तीन शनिवारी काचेवर फक्त ‘सी’ आणि ‘एस’ अक्षरांसारखी वळणं काढली, पुसली आणि पुन्हा काढली.

चपटा कुंचला, एका टोकाला गडद रंग, दुसऱ्याला फिका. दाब देत वळण सुरू करायचं, पोटाशी पूर्ण दाबायचं, आणि सोडताना कुंचला कडेवर उभा करत उचलायचा. शेपूट केसासारखं बारीक यायला हवं. मला रांगोळीची सवय. रांगोळीत चिमटीतला दाब सारखा ठेवायचा असतो. इथं दाब बदलणं हेच सारं काम. आजींनी माझं मनगट धरून दोन वळणं काढून घेतली, एक शब्द न बोलता. तिसरं मी काढलं ते जमलं.

सुतारांनी नवी पेटी तयार केली आहे. कोपरे जुन्यासारखेच दातांत दात अडकवून जोडलेले, खिळे नाहीत. गोल झाकणाला पट्ट्या एकेक तासून बसवाव्या लागल्या. त्यांचे दोन शनिवार त्यातच गेले.

शनिवार, १७ मे

सित्तेंदे माई, सतरा मे. १८१४ मध्ये याच दिवशी आइद्सवोल इथं नॉर्वेच्या राज्यघटनेवर सह्या झाल्या. नॉर्वेत हा दिवस मुलांचा. गावोगाव शाळकरी मुलांची मिरवणूक निघते. आमच्या गावातही लहान मिरवणूक निघाली, झेंडे, बँड, आणि शेवटी बदामाच्या पिठाच्या कड्यांवर कडी रचून केलेला क्रान्सेकाके.

बुनाद, म्हणजे नॉर्वेचा पारंपरिक पोशाख, घातलेल्या बाया आज मी पहिल्यांदा नीट बघितल्या. प्रत्येक बुनाद एका भागाचा, लोकरी घागरा, भरतकाम, आणि गळ्याशी सोल्ये नावाचा चांदीचा लटकनांचा पिन. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोनं बुनादची कारागिरी आणि ती घालण्याची रीत अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, त्याचा आनंद क्लबात अजून ओसरलेला नाही. पेटीवाल्या बाईंनी टेलेमार्कचा बुनाद घातला होता. आईनं शिवलेला.

संध्याकाळी हार्डिंगफेले. व्हायोलिनसारखं वाद्य, पण वाजवायच्या चार तारांखाली आणखी चार-पाच तारा असतात. त्यांना कुणी हात लावत नाही. वरचा स्वर जुळला की त्या आपोआप गुणगुणतात. आमच्याकडे याला तरफ म्हणतात, असं मी वादकाला सांगितलं आणि सारंगीची एक ध्वनिफीत मोबाइलवर ऐकवली. तो ती तीनदा ऐकत राहिला. मग त्यानं फेले माझ्या कानाशी धरून एकच सूर हळू छेडला. खालच्या तारा किती वेळ बोलत राहिल्या!

शुक्रवार, ४ जुलै

स्टावांगरहून आज ‘रेस्टाउरेशन’ची प्रतिकृती निघाली, त्याच तारखेला, त्याच बंदरातून. क्लबात पडद्यावर बघितलं. किनाऱ्यावर ती चिमुकली दिसत होती. १८२५ मध्ये इतक्या लहान गलबतावर इतकी माणसं बघून न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांनी ते जप्त केलं आणि दंड ठोठावला होता. शेवटी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी तो माफ केला.

शनिवार, १६ ऑगस्ट

नवी पेटी रंगवली जाते आहे. नक्षी जुन्या पेटीवरून ट्रेसिंग कागदानं उतरवायची नाही असं ठरलं होतं, कारण कागद दाबला तर रंग दुखावतो. म्हणून आडव्या उजेडातल्या छायाचित्रांवरून काढली. जिथं जुना वेल दिसत नाही तिथं आजींनी स्वतःचा काढला आहे. ‘जुन्या कारागिरानंही पाठ केलेलं काही नव्हतं,’ त्या म्हणाल्या, ‘तो एका मुळापासून सुरू करून जागा भरत जायचा.’ त्यांचा वेल जुन्याहून थोडा भारदस्त आहे. मला दोन्ही शेजारी बघताना आवडतात.

माझ्याकडे पुढच्या बाजूची कड आहे. एक वळण बिघडलं. पुसून पुन्हा काढू का विचारलं, तर त्यांनी त्यालाच एक पान जोडून दिलं.

शनिवार, २० सप्टेंबर

लेफ्सेचा, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्यांचा दिवस. काल रात्री बटाटे उकडून, सोऱ्यासारख्या दाबयंत्रातून काढून, गरम असतानाच लोणी आणि साय मिसळून ठेवले होते. मैदा आज, लाटायच्या ऐन वेळी. आधी घातला की उंडा सैल पडतो आणि मग कितीही पीठ लावा, पोळपाटाला चिकटतो. पोळपाटावर कापड ताणलेलं, लाटण्यावर खाचा. २६० अंश सेल्सिअसचा कोरडा तवा. लाटलेली लेफ्से पातळ लांब काठीवर गुंडाळून उचलायची आणि तव्यावर उलगडत सोडायची.

पुरणपोळी लाटणाऱ्या हाताला कड पातळ ठेवायचं सांगावं लागत नाही. दुपारपर्यंत माझ्याकडे दोन मुली शिकायला बसल्या होत्या, एक आठ वर्षांची. भाजलेली लेफ्से फडक्यात गुंडाळून ठेवायची, नाहीतर कडा कडक होतात. आजींच्या मते आत लोणी आणि साखर, बस्स. दालचिनी घालणाऱ्यांशी त्या वाद घालत नाहीत, फक्त दालचिनीची बाटली फळीवर उचलून ठेवतात.

दीडशेच्या वर झाल्या. प्रदर्शनाच्या दिवसापर्यंत गोठवून ठेवल्या आहेत. १८६१ च्या पेटीत मात्र बटाट्याची लेफ्से नसणार. शिडाच्या जहाजावर प्रवाशांनी आपलं खाणं आपणच न्यायचं असे, आणि महिनोन्‌महिने टिकतं ते कोरडं कडक फ्लात्ब्रेड. ते आम्ही जुन्या पेटीशेजारच्या टेबलावर ठेवणार आहोत.

शनिवार, ४ ऑक्टोबर

मांडणी पूर्ण. जुनी पेटी डावीकडे, झाकण बंद, उजेड एका कडेनं सोडलेला, म्हणजे येणाऱ्यालाही ती सात अक्षरं स्वतःच्या डोळ्यांनी शोधता येतील. नवी उजवीकडे, उघडी.

चिठ्ठीचा मजकूर बाईंनी स्वतः ठरवला : ‘ही पेटी १८३८ मध्ये टेलेमार्कमधल्या एका नवरीची होती. १८६१ मध्ये तिची लेक ती घेऊन अमेरिकेला आली. झाकणावर नाव आईचं आहे.’ मी सुचवलेल्या तीन लांब मसुद्यांपेक्षा हा बरा.

नव्या पेटीच्या झाकणावर कुणाचं नाव लिहायचं यावर गेले दोन आठवडे बोलणं चाललं होतं. बाहेर फक्त ‘अन्नो २०२५’ लिहिलं. झाकणाच्या आत मात्र काम केलेल्या सगळ्यांनी आपापलं नाव जुन्या रीतीनं लिहायचं : स्वतःचं, वडिलांचं, गावाचं. सुतारांनी ‘-सेन’ लावलं. आजींनी ‘-दात्तर’ लिहिताना शेवटच्या अक्षराला एक छोटा वेल काढला. आठ वर्षांच्या मुलीनं आईचं नाव लावलं, ‘दात्तर’ जोडून, आणि कुणी तिला दुरुस्त केलं नाही.

माझ्या पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं आहे, एकोणीस वर्षं झाली. लग्नानंतर बँकेत, शाळेत, सगळीकडे तेच. आज बारीक कुंचला घेऊन देवनागरीत माझं नाव लिहिलं, पुढे बाबांचं, आणि शेवटी गावाचं. बाबांच्या नावातला ‘ठ’ गोल आणि नीट आला. अध्यक्षबाईंनी विचारलं, यात ‘लेक’ कुठं आहे? आमच्याकडे तो शब्द लिहीत नाहीत, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, इथं लिही. मग लिहिला.

रंग तेलाचा आहे, वाळायला गुरुवारपर्यंतचा वेळ पुरायला हवा. तोवर झाकणाला कुणाचा हात लागू नये म्हणून समोर दोरी बांधली.